कोरडी टाच

लहानपणी दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक कायदा होता. बाहेरून आलं की थेट मोरीत जायचं, पाय धुवायचे आणि आईसमोर पाठमोरं उभं राहायचं. पाठमोरं अशासाठी, की आईला आमच्या तोंडाशी काही देणंघेणं नसे, तिला टाचा बघायच्या असत. चवडे काय, सगळेच धुतात, असं ती म्हणायची. टाच कोरडी राहिली की साडेसाती मागे लागते, हे तिने इतक्या वेळा बजावलं होतं की शनी आमच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी दबा धरून बसलेला असतो अशी माझी पक्की समजूत होती. शाळेतल्या पंजाबी मैत्रिणींना असलं काही नव्हतं. त्या खुशाल धुळीच्या पायांनी पलंगावर चढायच्या आणि त्यांचं काहीही वाईट व्हायचं नाही. मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

पुढे हे सगळं मी विसरून गेले. आठवलं ते वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दिल्लीबाहेर मानेसरजवळच्या एका गोठ्यात, गायींच्या मागच्या पायांकडे बघताना. आणि आठवलं तेव्हा मला दुधाची किटली तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं.

मी एका सरकारी खात्यात तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. खातं गुराढोरांचं होतं, पण गुरांनी आमच्या इमारतीत कधी पाऊल टाकलं नाही आणि मीही कधी त्यांच्या वाटेला गेले नाही. माझं काम कागदाचं. इंग्रजीत आलेली माहिती सोप्या हिंदीत उतरवायची, तिचं पत्रक करायचं आणि ते चार टेबलांवरून फिरवून आणायचं. गोचीड, लसी, वासरांचे जंत, मुरघास, सगळ्यावर मी मोठ्या अधिकाराने लिहिलं. प्रत्यक्ष गाय मात्र मी पाहिली ती इतर दिल्लीकरांसारखीच, बसच्या खिडकीतून, रस्त्याच्या मधोमध बसलेली.

त्यातलं माझं सर्वात लाडकं पत्रक खुरांचं होतं. ओल्या शेणात तासन् तास उभं राहून गायींच्या खुरांत जखमा होतात, खूर सडतो, गाय लंगडते, दूध आटतं. त्यावर एक साधा उपाय आहे. धार काढून झाल्यावर गायी ज्या वाटेने बाहेर पडतात, त्या वाटेवर एक उथळ हौद बांधायचा आणि त्यात मोरचुदाचं निळं पाणी भरायचं. गाय त्यातून चालत जाते आणि जाता जाता खूर औषधात बुडतात. साहेबलोक ह्याला फूटबाथ म्हणत. आमच्या हिंदी कक्षाने बराच खल करून 'पाद-स्नान कुंड' असं नाव पक्कं केलं. ते वाचून एखाद्याला गायी हरिद्वारला निघाल्यात असंच वाटावं.

पत्रकाच्या शेवटी घोषवाक्य हवं होतं. मी लिहिलं, 'खुर स्वस्थ, गाय मस्त'. 'मस्त' हा शब्द सरकारी कागदाला शोभत नाही असा शेरा घेऊन फाइल परत आली. मग मी दोन ओळी केल्या. 'खुर स्वस्थ, गाय प्रसन्न। गाय प्रसन्न, घर संपन्न।' यमक जुळलं, फाइल मंजूर झाली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. छापील प्रत घरी आणून मी फ्रिजवर चुंबकाने लावली. पत्रकावर माझं नाव अर्थातच नव्हतं. सरकारी कागदावर खात्याचं नाव असतं, लिहिणाऱ्याचं नसतं. नवऱ्याने ती प्रत वाचली आणि गाय प्रसन्न झाली हे मोजतात कसं, एवढंच विचारलं. तो मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. जे मोजता येत नाही त्यावर त्याचा विश्वास नाही. घोषवाक्यावर तर नाहीच नाही.

मी निवृत्त झाल्यावर आम्ही मानेसरच्या अलीकडे एका सोसायटीत राहायला आलो, कारण त्याला कारखान्याने सल्लागार म्हणून ठेवून घेतलं होतं आणि कंपनीची बस तिथूनच सुटत होती. आमच्या गॅलरीतून एका बाजूला वीस-वीस मजल्यांचे टॉवर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, टॉवरांच्या तावडीतून सुटलेलं एक अर्धंमुर्धं गाव. त्या गावात तो गोठा आहे. सोसायटीतल्या बायका दूध फोनवरून मागवतात. मी किटली घेऊन सकाळी चालत जाऊ लागले. तेवढाच व्यायाम, आणि तेवढंच नाक वर करून सांगायला की आमच्याकडे, बाई, समोर काढलेलं दूध येतं.

गोठ्यात वीसेक संकरित गायी होत्या, सगळ्या काळ्या-पांढऱ्या. मालक पंचाहत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा, सगळं गाव त्याला ताऊ म्हणायचं. ताऊ खाटेवर बसून हुकूम सोडायचा आणि काम त्याची सून करायची. धार काढणं, शेण ओढणं, चारा टाकणं, सगळं तिच्याकडे. ती कमी बोलायची. सासऱ्यासमोर तर फक्त मान हलवायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, माझा नंबर येईपर्यंत मी धारेच्या पडवीत उभी होते आणि भिंतीवर नजर गेली. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून लावलेलं माझं पत्रक! कुठल्याशा शिबिरात ताऊला ते मिळालं होतं आणि त्याने जपून ठेवलं होतं. तीस वर्षं मी लिहिलं, पण ते कुणी वाचल्याचा पुरावा मला तोवर एकदाही मिळाला नव्हता. आमची पत्रकं गठ्ठ्याने जिल्ह्यांना जात आणि पुढे त्यांचं काय होतं ह्यावर आम्ही ऑफिसात फारसं बोलत नसू.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करण्याची खोड आमच्या घराण्यात आहे. मी ताऊला म्हटलं की हे पत्रक मी लिहिलंय. ताऊने आधी पत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पत्रकाकडे. आणि त्याने सुनेला आतून खुर्ची आणायला सांगितली.

त्या दिवसापासून मी 'मैडम जी' झाले. गोठ्यात एकच प्लास्टिकची खुर्ची होती आणि ती माझी. माझं दूध सर्वात आधी मापायचं, तेही फेस खाली बसल्यावर. आल्यागेल्याला ताऊ माझ्याकडे बोट करून सांगायचा की सरकारात जे लिहिलं जातं ते ह्या लिहायच्या. मला मोठ्या नम्रतेने 'अहो काही नाही हो' म्हणता आलं असतं, पण मी ते कधी म्हटलं नाही.

ताऊने मला कुंडही दाखवलं. पत्रक हातात धरून त्याने ते स्वतः बांधलं होतं. पडवीच्या दारात, भिंतीपासून भिंतीपर्यंत, साधारण साडेतीन फूट लांब, वीतभर खोल. सिमेंट इतकं गुळगुळीत की बघत राहावं. आत निळंशार पाणी. मी तोंड भरून कौतुक केलं. मला त्यातलं काय कळत होतं? मी फक्त लिहिणारी होते.

पावसाळा सरता सरता गोठ्यात चिखल झाला आणि गायी एकामागून एक लंगडायला लागल्या. सर्वात वाईट अवस्था एका काळ्या गायीची होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. ही गाय सुनेची. लग्नात माहेरहून कालवड म्हणून तिच्याबरोबर आलेली. सून बाकीच्या गायींना नुसता दम भरायची, हिच्याशी मात्र बोलायची. धार काढताना हळू आवाजात, सासूबद्दल, भावाबद्दल, पाण्याच्या मोटरीबद्दल. सासरी तिचं ऐकणारं तेवढंच एक माणूस होतं म्हणायला हरकत नाही. ती गाय आता डावा मागचा पाय टेकवतच नव्हती. वाळली होती आणि दूध जवळजवळ गेलं होतं.

एका गुरुवारी मी खुर्चीवर बसले असताना ताऊने निकाल सांगितला. सोमवारी गोशाळेची गाडी येणार आणि ही गाय जाणार. ते तो मलाच सांगत होता, कारण त्याच्या मते मी ह्या विषयातली सर्वात जाणती होते.

"मैडम जी, काग़ज़ में जो लिख्या था, सब कर लिया। दवाई पूरी, कुंड पक्का। सरकारी काग़ज़ तो ग़लत हो कोनी सकता। खोट इस गाय में सै।"

म्हणजे माझा कागद खरा म्हणून गाय खोटी. मी मान हलवली. तीस वर्षांची सवय, वरिष्ठ बोलले की मान आपोआप हलते.

ताऊ बाहेर गेल्यावर सून माझ्याजवळ आली. तिचे हात शेणाने भरलेले होते, ते तिने पाठीमागे धरले होते.

"आंटी जी, आपके काग़ज़ में और कुछ तो ना लिखा था? कोई बात छूट तो ना गई?"

मी ऑफिसातल्या आवाजात सांगितलं की सब लिखा है. तिने मान हलवली आणि ती कामाला गेली. तिच्या पाठीकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं. समोर गायी धार देऊन बाहेर निघाल्या होत्या आणि माझ्या नजरेसमोर त्यांचे फक्त पाय होते.

पुढच्या खुरांवर निळसर हिरवी कड चढलेली होती, सगळ्यांच्या. मागचे खूर चिखलाच्या रंगाचे होते. ते निळे कुठे दिसेनात. मी खुर्ची पुढे ओढली. एक गाय कुंडापाशी थांबली, तिने पाणी हुंगलं, नाइलाजाने पुढचे दोन पाय आत घातले आणि मग अंग चोरून अशी काही उडी मारली की मागचे पाय थेट पलीकडच्या कोरड्या फरशीवर. दुसरी आली, तिने तेच केलं. तिसरीनेही तेच. साडेतीन फुटांचं पाणी ओलांडायला गायीला किती वेळ लागतो? जखमा होत्या मागच्या पायांना, औषध लागत होतं पुढच्या, आणि कुंड, पत्रक, ताऊ, मी, सगळे आपापल्या जागी प्रसन्न होतो.

तेव्हा मला आई आठवली. चवडे काय, सगळेच धुतात.

आणि आईच्या पाठोपाठ ती ओळ आठवली. पत्रकाच्या मूळ मसुद्यात ती होती. मीच लिहिली होती. 'कुंड कम से कम दस-बारह फुट लंबा हो, ताकि पिछले पैर भी दो-दो बार दवा में डूबें।' इंग्रजी मजकुरात त्या मुद्द्याखाली रेघ मारलेली होती. पत्रक छापून होईपर्यंत ती ओळ गेली कुठे, हे मला नीट माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तर टळटळीत दुपार झाली.

संध्याकाळी नवरा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला तेव्हा मी चहाचं पाणी तिसऱ्यांदा उकळत होते. काय झालं, असं त्याने विचारल्यावर मी गाय लंगडते एवढंच सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. त्यांच्या कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं म्हणे. घरात कुकरची शिटी बिघडली तरी तो हे करतो.

गाय का लंगडते? मागचा खूर सडला. का? औषध लागलं नाही. का? कुंड आखूड आहे. का? पत्रकात लांबी दिलेली नव्हती. इथपर्यंत आम्ही भराभर आलो आणि त्याने पाचव्यांदा तोंड उघडलं. मग माझ्याकडे पाहून मिटलं आणि चहाचा घोट घेतला.

"विचार ना," मी म्हटलं.

"नको यार. चहा गार होतोय."

तो विचारणार नाही हे बघून मला जास्तच राग आला. आपण गुन्हेगार आहोत हे कळण्यापेक्षा समोरच्याने आपल्यावर दया करणं वाईट. मग मी स्वतःच सांगितलं. पत्रक छपाईला गेलं त्याच दिवशी वरून एक फोटो आला होता. एक मोठे साहेब एका गायीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत, गाय कॅमेऱ्याकडे बघत्येय, साहेब गायीकडे. फोटो घालायचाच असा निरोप होता. छापखानेवाला म्हणाला, जागा नाही, दोन ओळी काढाव्या लागतील. आमच्या खात्यातले साहेब म्हणाले, आप देख लीजिए. मी बघितलं. औषधाचं प्रमाण काढता येत नव्हतं. पाणी कधी बदलायचं हेही काढता येत नव्हतं. उरल्या दोन जागा, दोन्ही बरोबर दोन ओळींच्या. एक कुंडाच्या लांबीची आणि एक घोषवाक्याची.

"अच्छा," नवरा म्हणाला. मग त्याने फ्रिजकडे पाहिलं. पत्रकाची ती जुनी प्रत नव्या घराच्या फ्रिजवरही होती. चुंबक फक्त बदललं होतं.

शुक्रवारी मी जे केलं ते फक्त सरकारी नोकरच करू शकतो. मी शुद्धिपत्र काढलं. चूक झाली की शुद्धिपत्र काढायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, हाताखाली खातं नव्हतं, शिक्का नव्हता, पण मी घरच्या कॉम्प्युटरवर बसून मसुदा केला. 'उक्त पत्रक के बिंदु तीन में कुंड की लंबाई संबंधी पंक्ति त्रुटिवश छूट गई है। कृपया इसे निम्नानुसार पढ़ा जाए।' खाली ती दोन ओळींची गाळलेली सूचना. तीनदा वाचलं. एक स्वल्पविराम हलवला. इतकं छान जमलं होतं की अर्धा गुन्हा धुऊन निघाल्यासारखं वाटलं.

खरं तर तोंडाने सांगता आलं असतं. दर जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला जाते, तिथे आम्ही फुलं वाहतो, हरलेल्या लढाईपुढे मान वाकवतो. अडीचशे वर्षांपूर्वी आपले लोक हरले हे आम्ही छाती पुढे काढून सांगतो. पण मी, ह्या बाईने, एक ओळ कापली, हे एका म्हाताऱ्या गवळ्याला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. खुर्ची जाईल, मैडम जी जाईल, ही खरी भीती होती. त्या गायीच्या पायापेक्षा मला खुर्ची मोठी वाटत होती, हे लिहायला आज लाज वाटते.

शनिवारी सकाळी ताऊ चारा मोजायला गेला तेवढ्यात मी पडवीत शिरले आणि शुद्धिपत्र पत्रकाच्या खाली चिकटवून टाकलं. सून बघत होती. मी खुर्चीवर बसून आभाळाकडे बघत राहिले.

ताऊची नजर अजून तीक्ष्ण होती. आल्या आल्या त्याने भिंतीवरचा नवा कागद हेरला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचायला सुरुवात केली. 'त्रुटिवश'पाशी तो अडखळला, पुन्हा मागे गेला, मग पुढे आला. 'छूट गई है' वाचून त्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

"छूट गई? किस तै छूट गई, मैडम जी?"

"दफ़्तर से, ताऊजी।"

"दफ़्तर कै हाथ हों सैं के?"

ऑफिसला हात असतात का, हे ऐकून सुनेने धार थांबवली. बादलीत पडणाऱ्या दुधाचा आवाज बंद झाला, एवढंच मला आठवतं. मी खुर्चीवरून उठले. बसून बोलणं शक्य नव्हतं.

"मुझसे, ताऊजी। और छूटी नहीं थी। मैंने काटी थी।"

मग मी सगळं सांगितलं. फोटो, छापखाना, दोन ओळींची जागा. मोडक्या-तोडक्या शब्दांत, कारण मसुदा नव्हता. शेवटी ताऊने विचारलं की ती ओळ कापून मी ठेवलं काय. मी पत्रकाच्या तळाशी बोट दाखवलं. त्याने ते मोठ्याने वाचलं. खुर स्वस्थ, गाय प्रसन्न. गाय प्रसन्न, घर संपन्न. वाचून झाल्यावर तो पांढऱ्या ठिपक्याच्या गायीकडे बघत राहिला. ती तीन पायांवर उभी होती. मला रडू आलं आणि ते लपवायला किटलीचं झाकण लावायचा मी उगाचच प्रयत्न केला. ते आधीच लागलेलं होतं.

ताऊ ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्याने आधी सुनेला सांगितलं की गाडीवाल्याला फोन करून सोमवारी येऊ नको म्हणावं, गाय कुठे जाणार नाही. मग शुद्धिपत्र भिंतीवरून फाडून माझ्या हातात दिलं.

"यो ना चालैगा। सीधी बात लिख। अर नीचै अपणा नाम लिख।"

सुनेने मुलांच्या वहीचं एक पान आणून दिलं. मी पानाची पट्टी फाडली, किटली मांडीवर घेऊन तिच्या झाकणावर ती ठेवली आणि ती जुनी सूचना हाताने लिहिली. खाली माझं नाव, पूर्ण, माहेरचं मधलं नाव धरून. तीस वर्षांत मी लिहिलेल्या कुठल्याही कागदावर माझं नाव असल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तोही असा. चिकटवायला भिंतीवर जागा राहिली नव्हती. पत्रकाखालचा पोपडा शुद्धिपत्राबरोबर निघून आला होता. एका बाजूला खताचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला विजेचा बोर्ड. मी ती पट्टी घोषवाक्यावर लावली. दोन ओळींची जागा होती, ती बरोबर बसली.

रविवारी माझा नवरा टेप घेऊन गोठ्यात हजर झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गाय मोजता येणार होती. त्याने सहा गायींच्या पावलांमधलं अंतर मोजलं, एकीने त्याच्या पँटवर शेण टाकलं, तरीही त्याने ते कागदावर टिपून ठेवलं. ताऊला तो इतका आवडला की दोघांनी मिळून बारा फुटांचं कुंड आखलं. दोन्ही बाजूंना पाईप लावून वाट अरुंद केली, म्हणजे उडी मारायला जागा नको. कुंडाच्या अलीकडे साध्या पाण्याचा एक पसरट खळगा केला, शेण तिथेच सुटावं म्हणून. त्याबद्दलही मूळ इंग्रजीत एक वाक्य होतं का, असं नवऱ्याने मला हळूच विचारलं. मी त्याला कामाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

त्या गायीला मात्र नुसत्या कुंडाने बरं वाटण्यासारखं राहिलं नव्हतं. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी खूर तासला, सडलेला भाग काढला, औषध भरून पट्टी बांधली आणि पट्टी सुटेपर्यंत तिला कोरड्यात ठेवायला सांगितलं. सुनेने तिच्यासाठी स्वतःच्या खोलीच्या बाहेरची ओसरी रिकामी केली.

माझी शिक्षा वेगळी होती. कुंड भरलेलं असेल त्या दिवशी मी यायचं आणि शेवटची गाय पार होईपर्यंत उभं राहून मागचे पाय बघायचे, असा ताऊचा हुकूम निघाला. खुर्ची परत आत गेली. आता मला उपडी बादली मिळते, तीही धार संपल्यावर. मैडम जीही गेली. तो मला 'बहण' म्हणतो आणि दूध फेसासकट मापतो.

पांढऱ्या ठिपक्याची गाय पहिल्यांदा नव्या कुंडातून गेली तो दिवस थंडीच्या सुरुवातीचा होता. पाण्यावरून बारीक वाफ निघत होती. सून पुढे चालत होती, हातात दोरी नव्हती, नुसती बोलत होती. गाय कुंडापाशी थांबली. तिने हुंगलं. पुढचे पाय घातले आणि जुन्या सवयीने अंग चोरलं, पण उडी मारून जायला पलीकडे फरशीच नव्हती, नुसतं पाणी होतं. ती वैतागली आणि चालू लागली. डावा मागचा पाय बुडाला. वर आला. पुन्हा बुडाला. मी मोठ्याने मोजत होते हे मला सून हसल्यावर कळलं.

गाय बाहेर पडली तशी मी तिच्या मागे जाऊन वाकले. गुडघे कुरकुरले, पण वाकले.

"आंटी जी, आगे के भी देख लो," सून म्हणाली.

"आगे के तो सब धोते हैं," मी म्हटलं आणि गायीची टाच बघितली. ओली होती.